शिट्टीकाकांचे स्वच्छ पाणी

निवृत्तीच्या दिवशी तलावावरच्या मंडळींनी शिट्टीकाकांना भिंतीवरचे घड्याळ भेट दिले. ज्या माणसाला आता कुठेही वेळेवर पोचायचे नाही त्यालाच नेमके घड्याळ का देतात, ते देणाऱ्यांनाच ठाऊक. काकांनी ते स्वयंपाकघरात टांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ते जायला तयार झाले. जायचे कुठे हा प्रश्न त्यांना दाराशी चपला घालताना पडला. मग चपला काढून ते आत आले आणि काकूंच्या भांड्यांकडे वळले. पुढे जे झाले त्यात काकूंचा काही दोष नाही, आणि मी तर म्हणेन काकांचाही नाही.

काका सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर पाणी सांभाळायचे. उभी हयात त्यांनी तिथे घालवली. गळ्यात शिट्टी, हातात लांब दांड्याची जाळी, आणि नजर अशी की तळाशी पडलेली केसांची पिन काठावरून दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर पाणी गढूळ, हा निकाल. अंघोळ न करता कोणी पाण्याकडे पाऊल टाकले की शिट्टी. डोक्याला तेल चोपडून आला, शिट्टी. पाय धुतले नाहीत, दोनदा शिट्टी आणि वर चार शब्द. वकील असो, डॉक्टर असो, काका कोणाची भीडभाड ठेवत नसत. शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित लोकांना त्यांनी चड्डीवर उभे करून झापले होते. त्यांचे खरे नाव पगारपत्रकात असेल तेवढेच. बाकी जगाला ते शिट्टीकाका.

तर अशा माणसाच्या हाती काकूंचा बिडाचा तवा लागला. तो तवा काकूंनी लग्नापासून वापरला होता. त्याच्यावर तेलाचा आणि धुराचा असा काही काळा थर चढला होता की त्याला काही म्हणता काही चिकटत नसे. काकू त्याला साबण लावत नसत, नुसत्या फडक्याने पुसून ठेवत. काकांनी तारेची घासणी घेऊन अख्खी सकाळ त्याच्यावर घालवली, थर पार खरवडून काढला, आणि चकचकीत झालेला तवा बायकोला दाखवायला घेऊन गेले. त्या दिवशी काकूंनी त्यावर जे टाकले ते तव्याने सोडले नाही. काकू नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत, ही वाईट खूण होती. त्यांनी मुलीला फोन लावला आणि सांगितले की तुझ्याकडून मला आयुष्यात दुसरे काही नको, पण दिवसा ह्यांना कुठेतरी ने.

मुलीला वडील हवेच होते, असे म्हणता येणार नाही, पण माणूस हवा होता. तिचे आणि जावयाचे आतापर्यंत शोभेच्या माशांचे साधे दुकान होते. आता दोघांनी ठोक व्यापारात उडी घेतली होती, आणि तीही समुद्रातल्या माशांच्या. हे मासे दूरच्या बेटांवर पाणबुडे पकडतात, पिशव्यांत भरून विमानाने पाठवतात, आणि ठोक व्यापारी ते काही दिवस सांभाळून, खातेपिते करून, दुकानदारांना विकतो. सांभाळायचे म्हणजे टाक्या हव्यात, आणि टाक्या म्हणजे पाणी. बाबांना पाण्यातले कळते, असे मुलगी नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने मान डोलावली. सासऱ्यांच्या बाबतीत तो बिचारा नेहमीच मान डोलावत असे.

हा जावई उंच, किडकिडीत आणि माशांच्या बाबतीत पंडित. दिवसभर सुताराला, वायरमनला, पाइपवाल्याला असा काही फैलावर घ्यायचा की ऐकत राहावे. पण सासरे समोर आले की त्याची वाचा बसायची. लग्न झाल्यापासून त्याने काकांशी बोलताना एकही वाक्य ‘तुमची हरकत नसेल तर’ हे शब्द न घालता पुरे केले नव्हते. भाड्याने घेतलेल्या गोदामात पूर्वी गाद्या ठेवत. तिथे त्याने इतर काही यायच्या आधी काकांसाठी एक गादीची खुर्ची आणून ठेवली. काकांनी पाना हातात घेतला की तो धावत यायचा. बाबा, तुम्ही कशाला, तुम्ही बसा. काकांनी बादली उचलली की चहा यायचा. पाइपवाल्याला शिव्या आणि आपल्याला चहा, हे काकांना पहिल्याच आठवड्यात खुपू लागले. ते इथे पाहुणे म्हणून आले नव्हते. कामाला आले होते.

मुलगी मात्र आईवर गेली होती. तिने आडपडदा ठेवला नाही. “बाबा, पहिला माल नीट उतरला तर तुम्ही इथलेच. नाहीतर मी एक शिकलेला माणूस बघून ठेवलाय, तो येईल, आणि तुम्ही घरी आराम करा.” आराम हा शब्द ऐकताच काकांनी जवळची बादली उचलली. घरी घड्याळ होते, काकू होत्या आणि घासून झालेला तवा होता.

गोदामात हळूहळू एक अजब कारखाना उभा राहिला. लोखंडी मांडण्यांवर काचेच्या टाक्यांच्या तीन ओळी, प्रत्येक टाकीच्या मागच्या बाजूला भोक, भोकातून पाइप. जास्तीचे पाणी पाइपातून खाली उतरायचे आणि जमिनीलगतच्या एका मोठ्या हौदात जमायचे. तिथे ते स्पंजातून आणि सच्छिद्र दगडांच्या ढिगातून गाळले जायचे, आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. पहिल्यांदा पाणी सोडले तेव्हा निम्म्या जोडांतून कारंजी उडाली. पाइपवाला म्हणाला, एवढे चालायचेच. जावयाने त्याला काय चालते आणि काय चालत नाही ते सविस्तर ऐकवले. काकांनी एकट्याने सगळे गोदाम पुसून काढले, आणि त्यांना त्याबद्दल चहा मिळाला.

मग जावयाने मुद्दाम पंप बंद केला. वीज गेली की वरच्या टाक्यांतले पाणी पाइपातून उलटे खाली येते, ते हौदात मावते की नाही हे बघायचे होते. हौद भरत चालला तसे काका दोन बादल्या घेऊन त्याच्या काठाशी असे उभे राहिले की जणू हौद फुटणारच. पाणी काठाच्या चार बोटे खाली थांबले. काकांना जरासे वाईटच वाटले.

समुद्र पोत्यांतून आला. म्हणजे मीठ आले, ते पाण्यात कालवायचे. जावई डोळ्याला नळकांडे लावून खारेपणा मोजत होता तेवढ्यात काकांनी बोट बुडवून चाटले आणि पाणी बरोबर झाल्याचा निर्वाळा दिला. जावई म्हणाला की चवीने ते कळत नाही, पण तुम्ही घेतलीत तर हरकत नाही.

आणि इथेच, बघा, खरा घोटाळा झाला. जावयाने काकांना खुर्चीत बसवून पाण्याचे मर्म समजावून सांगितले. मासा पाण्यातच शूशी करतो. समुद्र मोठा, तिथे ती कुठल्या कुठे जाते. टाकीत मात्र तिचे विष होते आणि मासा त्यातच मरतो. पण खालच्या हौदातल्या स्पंजात आणि दगडांत डोळ्यांना न दिसणारे जंतू घर करतात, ते हे विष खातात. त्यांना वस्ती करायला काही आठवडे लागतात, म्हणून मासे यायच्या आधीच पाण्यात थोडे माशांचे खाणे टाकून कुजवायचे.

“जंतू?” काका म्हणाले. “मुद्दाम?”

“चांगले जंतू, बाबा.”

काकांनी आयुष्यभर जंतूंशी वैर केले होते आणि त्यातला एकही चांगला त्यांना भेटला नव्हता. पण जावई इतक्या अदबीने बोलत होता की त्याला मध्येच अडवणे बरे दिसेना. काकांनी मान डोलावली. सासऱ्यांना समजले असे जावयाला वाटले. नीट समजले का, हे विचारणे त्याला उद्धटपणाचे वाटले. दोन भांडखोर माणसांनी हे प्रकरण पाच मिनिटांत मिटवले असते. दोन सभ्य माणसांनी ते आठवडेच्या आठवडे चालवले.

झाले असे की गोदाम बंद करायचे काम काकांनी हट्टाने मागून घेतले होते. सगळे गेले की ते दिवे मालवायच्या आधी एक फेरी मारत. हौदात डोकावले की त्यांना स्पंजावर तपकिरी, बुळबुळीत थर दिसे. अशा गोष्टीकडे पाठ फिरवून घरी जाणारा माणूस वेगळा. काका बाह्या सरसावत, स्पंज काढत, दगड काढत, नळाखाली धरत, वरून उकळते पाणी ओतत, आणि पांढरे शुभ्र होईपर्यंत चोळून, होते तसे परत ठेवत. यात त्यांनी लपवले असे काही नाही. नुसते सांगितले नाही. आपण आज हात धुतले असे कोणी घरी जाऊन सांगत नाही, तसेच ते.

जावई दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासायचा. छोट्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी हिरवे झाले तर विष आहे, पिवळे राहिले तर नाही. पहिल्या आठवड्यांत ते हिरवे व्हायचेच. पण पुढे ते फिकट होत पिवळ्यावर यायला हवे होते, आणि ते काही येईना. जावयाने औषध बदलले. मिठाच्या कंपनीला दूषण दिले. गाद्यांच्या गोदामातला जुना कापूस हवेतून पाण्यात उतरत असणार, अशी शंका काढून वायरमनकरवी छत झाडून घेतले. नळी हिरवीच. त्याने खाणे सोडले. त्याची दशा बघून मुलगी सगळ्यांवर खेकसू लागली, अर्थात वडील सोडून, कारण वडिलांवर तिचा संशय जायला काही जागाच नव्हती. पाणी तर आरशासारखे लखलखत होते. काकांना पोरांची काळजी वाटली. आपल्या परीने हातभार लावावा म्हणून ते स्पंज सकाळीही धुऊ लागले.

इकडे मालाची तारीख जवळ आली. ती पुढे ढकलता येण्यासारखी नव्हती. पाणबुड्यांनी मासे पकडून झाले होते, विमानात खोक्यांची जागा ठरली होती, आणि पकडलेल्या माशांना थोडे दिवस समुद्रात परत जाऊन बसा असे कोणी सांगू शकत नाही.

त्याच सुमारास एका दुपारी काकू गोदामात आल्या. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही असे कानावर आले होते, म्हणून डबा घेऊन आल्या. मुलीने डबा बाजूला ठेवून आईपाशी सगळे गाऱ्हाणे ओतले. हौदात जे काही वाढायला हवे ते वाढत नाही, का वाढत नाही ते देवालाच माहीत, आणि माल आला की सगळे मासे मरणार. काकू वाकून हौदात बघू लागल्या. त्यांना माशांतले काही कळत नव्हते, पण नवरा पुरता कळत होता.

“हे स्पंज कधी टाकलेत पाण्यात?” त्यांनी विचारले.

मुलगी म्हणाली, झाले की, किती आठवडे झाले.

काकूंनी एक स्पंज उचलून उजेडात धरला. तो दुकानातून आणल्यासारखा पांढरा होता. त्यांनी तो हळूच परत ठेवला आणि वळून नवऱ्याकडे पाहिले.

“अहो, तुम्ही हे घासता का?”

“रोज,” काका म्हणाले. आवाजात अभिमान होता. “हल्ली दोन वेळा.”

“माझ्या तव्याचं केलंत तेच,” काकू मुलीला म्हणाल्या. त्यांना आणखी काही सांगावे लागले नाही.

मुलगी मटकन खुर्चीत बसली. जावयाच्या तोंडावर लाल, पांढरा असे बरेच रंग येऊन गेले. काका बघत होते. आपण काय केले ते आता त्यांच्या लक्षात येत होते, एकेक आठवडा उलटा मोजत येत होते, आणि कानशिले गरम होत होती. आता हा आपल्याला काय बोलेल ते बोलू दे, असे त्यांनी मनाशी धरले. सुताराने फळी अर्धा इंच आखूड कापली तेव्हा ह्याने त्याचे सात पिढ्यांचे सुतारकाम काढले होते. आपण तर टाक्यांच्या तीनही ओळी बुडवल्या.

“असू द्या, बाबा,” जावई म्हणाला. “चूक माझीच आहे. मीच नीट सांगायला हवं होतं.”

हे असू द्या काकांना जेवढे लागले तेवढे कुठलेही झापणे लागले नसते. पाहुण्याच्या हातून कप फुटला की असू द्या म्हणतात. काकांना अगदी स्वच्छ समजले की या गोदामात ते कामावर कधी नव्हतेच. एवढे दिवस ते भेटीला आले होते.

उपाय एकच होता. जिथे असे टाक्यांचे काम जुने आहे तिथून जंतूंनी भरलेले स्पंज आणि दगड तयार आणायचे आणि आपल्या हौदात टाकायचे. असे काम शहरात एकाच माणसाकडे होते. त्याला धंद्यात खेकडा म्हणत, कारण एकदा पकडलेले गिऱ्हाईक तो सोडत नसे. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या या दोघांचे तो तोंडही पाहायला तयार नव्हता. जावई म्हणाला की त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही. काका म्हणाले, मी जातो, तो माझ्या तलावावर पोहायला यायचा, ओळख आहे.

ओळख होती. तिचा तपशील मात्र काकांनी सांगितला नाही. खूप वर्षांपूर्वी, लग्न ठरलेल्या मुलीला आपले पोहणे दाखवायला हा खेकडा तिला घेऊन तलावावर आला होता, आणि पाय धुतले नाहीत म्हणून काकांनी त्याला शिट्टी मारून परत पाठवले होते. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा टाचा घासून घ्यायला लावल्या होत्या.

खेकड्याच्या दुकानाच्या मागे लांबच लांब अंधारी खोली होती. टाक्यांच्या काचा हिरव्या झालेल्या, जमिनीवर ओल, कोपऱ्यात दगडांचे काळेभोर ढीग, आणि सगळ्याला समुद्राच्या खाडीचा वास. काकांची बोटे आपोआप शिवशिवली. खेकडा एका पिंपावर बसला होता. त्याने काकांना वरून खाली न्याहाळले आणि शिट्टी घरी ठेवून आलात का, असे विचारले.

काकांनी आधी हवापाण्याचे बोलून पाहिले. खेकडा नुसता बघत राहिला. शेवटी काका मुद्द्यावर आले.

“मला तुमची घाण हवी आहे,” ते म्हणाले.

खेकड्याला नीट ऐकू आले होते. तरी त्याने ते पुन्हा म्हणायला लावले, आणि मग आतून बायकोला बोलावून तिच्यासमोर तिसऱ्यांदा. बायको म्हणजे तीच, टाचा घासताना काठावर उभी असलेली. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. काका मान खाली घालून उभे राहिले. मुलीसाठी माणूस काय काय करतो म्हणायचे.

सगळे हसून झाल्यावर खेकडा एकदम व्यापारी झाला. तो म्हणाला की तुमच्या जावयाचा पहिला माल मेला तर दुकानदार म्हणतील समुद्राचे मासे जगतच नाहीत, आणि मग माझ्याकडूनही घेणार नाहीत. तेव्हा माल जगलेला मलाही बरा. त्याने प्रवाळाच्या टाक्यांखालचा हौद दाखवला. त्या टाक्यांत मासेच नव्हते, तेव्हा तिथून माशांचा रोग यायची भीती नव्हती. अट एवढीच की घाण काकांनी स्वतःच्या हाताने काढायची.

काकांनी धुतलेल्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत काय काय होते ते मी सांगत नाही. त्यांनी डोळे मिटले होते एवढे सांगतो. दोन बादल्या भरून झाल्या, वर त्याच हौदातले खारे पाणी घातले. खेकड्याने बजावले की हे वाळू द्यायचे नाही, नळाचे पाणी लागू द्यायचे नाही, आणि तुम्ही धुवायचे तर मुळीच नाही.

रिक्षावाल्याने वास येतो म्हणून त्यांना अर्ध्या वाटेत उतरवायचा बेत केला. काकांनी त्याला सांगितले की बादलीत जीव आहेत, लाखांनी आहेत, आणि ते घाईत आहेत. रिक्षावाला काय समजला कोण जाणे, पण त्याने गाडी जोरात पळवली. खड्ड्यात बादली हिंदकळली आणि काळे पाणी काकांच्या शर्टावर पसरले. ते त्यांनी पुसले नाही. खरे तर त्यांना ते पुसायचे सुचलेच नाही, दोन्ही हात बादल्यांवर होते.

घाण हौदात गेली. मग वाट बघण्याचे दिवस आले, आणि काकांना आयुष्यात इतके कठीण काम कोणी दिले नव्हते. त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले. हौदाकडे बघवेना म्हणून गोदामाच्या खिडक्या पुसल्या, शटर धुतले, वायरमनची हत्यारांची पेटी त्याला न विचारता घासून ठेवली. काकूंनी घरातली भांडी कपाटात टाकून कुलूप लावले. हौदातला स्पंज रोज आणखी तपकिरी, आणखी बुळबुळीत होत होता. काका त्याच्याकडे चोरून बघत आणि हळूहळू त्यांना त्याचे कौतुक वाटू लागले होते, पण हे त्यांनी कोणाला कळू दिले नाही. नळीतला हिरवा रंग पोपटी झाला, मग लिंबाच्या सालीसारखा, आणि माल यायच्या आदल्या दिवशी स्वच्छ पिवळा. जावयाने नळी सगळ्यांना दाखवली. मुलीचा जीव भांड्यात पडला. काकांना चहा मिळाला.

माल सकाळी आला. थर्माकोलची खोकी, प्रत्येकात पाण्याने आणि हवेने फुगवलेल्या पिशव्या, पिशवीत एकेक मासा, प्रवासाने भेदरलेला. दिवे मंद केले होते. पिशव्या आधी बंदच टाकीत तरंगत ठेवायच्या, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी सारखेच कोमट होते. मग तोंड उघडून बारीक नळीने थेंब थेंब नवे पाणी सोडायचे, आणि मासा रुळला की जाळीने उचलून टाकीत. एकदम बदल झाला तर मासा जागच्या जागी मरतो. मुलीने बघून ठेवलेला तो शिकलेला माणूसही आजमावण्यासाठी बोलावला होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आला होता. काकांना बूट आवडले नाहीत. जावई त्याला पहिल्या घटकेपासून धडाधड ओरडत होता. नळी खाली धर, इकडे बघ, कुठे लक्ष आहे. काकांना त्याचा असा हेवा वाटला की सांगता सोय नाही. स्वतः त्यांना खुर्ची दाखवण्यात आली होती. बाबा, तुमची हरकत नसेल तर तुम्ही इथे बसून लक्ष ठेवा.

काकांनी बसून लक्ष ठेवले, आणि म्हणूनच त्यांना ते दिसले. अगदी खालच्या ओळीत, कोपऱ्यातल्या टाकीत, एका पिशवीचा फुगा बसत चालला होता. आत एक निळाभोर मासा होता. अशा माशांच्या शेपटीपाशी काटा असतो, त्याने पिशवीला भोक पाडले होते. आतले विषारी झालेले पाणी बाहेर चालले होते आणि बाहेरचे एकदम आत येत होते. मासा आडवा व्हायला लागला होता. बाकी सगळे वरच्या ओळीत गुंतलेले. काका उठले. आता पाण्यात हात घालायचा, तर त्यांच्यासारखा माणूस काय करणार? ते धावत मोरीवर गेले, गुलाबी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, खळखळून फेस काढला, आणि तसेच निथळते हात घेऊन टाकीवर वाकले.

“हात वर!” जावई ओरडला.

काकांचे हात पाण्यापासून वीतभर उंचीवर थांबले.

“साबणाचे हात घेऊन टाकीत? अहो, मारायचेत का सगळे? किती वेळा सांगितलंय, साबण नाही, तेल नाही, काही नाही! आधी नुसत्या पाण्याने धुऊन या. वास जाईपर्यंत धुवा. उभे काय राहिलात, पळा!”

काका पळाले. खरोखर पळाले, या वयात, ओल्या फरशीवरून. मुलगी तोंडावर हात ठेवून उभी होती. रबरी बूटवाला आपल्याला काही ऐकू आले नाही असा चेहरा करून नळीकडे बघत होता. काका धुऊन परत आले तेव्हा जावयाचे ओरडणे अजून संपले नव्हते.

“आता ती पिशवी खालून धरा. भोक बोटानं दाबा. असं नाही, खालून! हलवू नका. मी सांगेपर्यंत सोडायची नाही.”

काकांनी धरली. वाकून, गुडघे टेकून, दोन्ही हात खांद्याजवळ येईपर्यंत पाण्यात घालून. जावयाने पिशवीत नळी सोडली. थेंब पडत राहिले. काकांच्या पाठीचा कणा बोलू लागला, बोटे बधिर झाली, डास चावला तरी ते हलले नाहीत. बऱ्याच वेळाने जावयाने मासा जाळीत घेऊन टाकीत सोडला. तो तळाशी एका कुशीवर पडला. सगळे वाकून बघू लागले. एका बाजूचा कल्ला उघडत होता, मिटत होता. मग त्याने शेपूट एकदा झटकली, सरळ झाला, आणि दगडाच्या आड जाऊन बसला. काका तेव्हा कुठे गुडघ्यांवरून उठले.

संध्याकाळपर्यंत सगळा माल टाक्यांत गेला. दोन-तीन मासे दगावले, ते वाटेतच गेल्यासारखे होते. बाकीचे फिरू लागले होते, काही तर खाऊही लागले. मुलीने आजवर इतक्या ओझ्यातून सुटल्यासारखा चेहरा केला नव्हता. काका हात पुसत होते तेवढ्यात जावई चहाचा कप घेऊन आला आणि समोर उभा राहून बोटे मोडू लागला. बाबा, मघाशी मी जरा, त्याने सुरुवात केली.

“तो साबण मोरीवर ठेवता कशाला मग?” काका म्हणाले. “उद्या पहिला तो काढून टाकतो. किती वाजता येऊ?”

जावयाने थोडा विचार केला. “सातला,” तो म्हणाला. मग काकांकडे बघत, जरा धीर करून, “आणि उशीर नको.”

काका घरी आले ते शीळ घालत. शर्ट ओला, गुडघ्यांना चिखल, हाताला खारट वास. काकूंनी दार उघडले आणि मासे जगले का ते विचारले. जगले, काका म्हणाले, आणि चपला काढता काढता पुढे म्हणाले की जावयाने आज आपल्याला सगळ्यांसमोर झापले. अगदी पळायला लावले.

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी फोन उचलला, मुलीला काय बोलायचे ते त्यांच्या ओठांवर आलेही होते. काकांनी त्यांचा हात धरला. काकांचे डोळे भरून आले होते, आणि ते हसत होते.

“अगं, ठेव तो फोन. पाहुण्याला कुणी झापतं का?”

काकूंनी फोन खाली ठेवला आणि सकाळी डबा किती वाजता तयार हवा ते विचारले.